यादीतले नाव

आपला जिल्हा मी यात्रेकरूच्या किंवा व्यापाऱ्याच्या नजरेने कधी पाहिला नाही. तो मी पाहिला मतपेटीच्या मागे बसून. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे मी शिक्षक होतो. शिक्षकाच्या वाट्याला खडू आणि फळा यांच्याबरोबर आणखी दोन कामे येतात. दर दहा वर्षांनी जनगणना येते आणि अधूनमधून निवडणूक येते. या दोन कामांनी मला औरंगाबाद जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात नेले. १९८० साली पहिल्यांदा मतदान अधिकारी म्हणून गेलो तेव्हा अंगात नव्या नोकरीचा हुरूप होता. २०११ साली जनगणनेचे शेवटचे तक्ते तहसीलमध्ये जमा केले तेव्हा डोक्यावरचे केस पिकले होते. आज हा जिल्हा छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखला जातो. जिल्ह्याच्या नावातील हा बदल २०२३ साली झाला. लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव मात्र अजून औरंगाबाद असेच आहे. माझ्या आठवणी जुन्या नावाच्या काळातल्या आहेत, म्हणून या लेखात दोन्ही नावे येतील. वाचकांनी ती एकाच मातीची समजावीत.

हे लिहिण्याचे निमित्त असे झाले. माझा एक पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे. २०२४ हे वर्ष त्यांच्याकडेही निवडणुकीचे होते आणि आपल्याकडेही. त्याने तिकडचा निकालाचा नकाशा मला दाखवला. तिकडे ज्याला कौंटी म्हणतात तो आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार. प्रत्येक कौंटीला जिंकणाऱ्या पक्षाचा रंग दिलेला. एका मोठ्या चौकोनावर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, या टेक्ससमधल्या लव्हिंग कौंटीत २०२० च्या जनगणनेत फक्त चौसष्ट माणसे होती." आपल्या एखाद्या तालुक्याएवढी भूमी आणि माणसे चौसष्ट! आमच्या वस्तीशाळेतसुद्धा कधी कधी याहून अधिक मुले असत. मी हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नकाशावर भूमीला रंग देतात, माणूस त्यात दिसत नाही, हे मला नव्याने कळले असे नाही. ते मला एका म्हातारीने तीस वर्षांपूर्वी शिकवले होते. तिची गोष्ट सांगण्यापूर्वी हा जिल्हा थोडा सांगितला पाहिजे, कारण ती या भूमीचीच गोष्ट आहे.

जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आडवा पसरला आहे. हा डोंगर म्हणजे जिल्ह्याचा कणाच. त्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीकडे जातो, उत्तरेला पडलेला तापीकडे. सोयगाव तालुका डोंगराच्या पलीकडे, खाली उतरून आहे. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात वाघूर नदीच्या काठी कोरलेली. मी सोयगावला तीन वर्षे होतो. तिथल्या लोकांना जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जळगाव जवळ; बोलीत खानदेशी वळण, कापूस विकायला जायचे तेही तिकडेच. आमचे एक ज्येष्ठ सहकारी गमतीने म्हणत, "सोयगावचे लोक मत मराठवाड्यात देतात आणि लग्ने खानदेशात करतात." डोंगराच्या अलीकडे सिल्लोड आणि कन्नड. सिल्लोडला मका, कापूस आणि मिरची. कन्नडला मका आणि आले, गौताळ्याचे जंगल आणि ठिकठिकाणी बंजारा समाजाचे तांडे. दिवाळी सरली की या तांड्यांतले कर्ते लोक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, कुलपे आणि शाळेतली गैरहजेरी. निवडणूक जर कारखान्याच्या हंगामात आली तर त्या केंद्रावरचा टक्का घसरतो. शहरातला माणूस तो आकडा वाचून म्हणतो, अमुक गावात मतदारांना उत्साह नव्हता. उत्साह होता, माणसे उसाच्या फडात होती.

खुलताबाद हा लहान तालुका. वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, सुफी संतांचे दर्गे आणि औरंगजेबाची कबर एवढ्याशा टापूत. फुलंब्री त्याच्या शेजारी. दक्षिणेला गोदावरीच्या काठाने वैजापूर, गंगापूर आणि पैठण. वैजापूर आणि गंगापूर हे पाण्यासाठी डोळे लावून बसलेले तालुके. नांदूर मधमेश्वरचा कालवा आला तेव्हा काही गावांत ऊस दिसू लागला, बाकीच्यांत कापूस, कांदा आणि आभाळाकडे पाहणे हेच पीक. पैठणला नाथांची समाधी आणि जायकवाडीचे धरण. या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. नाथसागराच्या पाण्याखाली शंभरावर गावे गेली. उठवलेली गावे दुसरीकडे वसली. अशा एका पुनर्वसित गावात मी केंद्राध्यक्ष होतो तेव्हा एक आजोबा मतदानानंतर बाहेर थांबून मला म्हणाले, "आमचं जुनं गाव त्या पाण्यात आहे. पाणी मात्र आम्हाला मिळालं नाही." त्यांनी मत कोणाला दिले ते मला ठाऊक नाही; का दिले ते मात्र त्या एका वाक्यात मला कळले.

आता माणसांचा हिशेब. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ होती. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, ती २८,९७,०१३ होती. म्हणजे दहा वर्षांत आठ लाख माणसे वाढली. ही वाढ सगळी पाळण्यातली नव्हे. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी साऱ्या मराठवाड्यातली तरुण मुले ओढून आणली. शंभरांतली चव्वेचाळीस माणसे तेव्हाच शहरांत राहत होती. एकट्या औरंगाबाद महानगरपालिकेच्या हद्दीत पावणेबारा लाख. धर्माच्या रकान्यात पाहिले तर सुमारे एक पंचमांश लोक मुसलमान, शंभरांत आठांच्या आसपास बौद्ध आणि आपण ख्रिस्ती शंभरांत एकसुद्धा नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी १८९२ साली वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावी कामाला आरंभ केला. वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांतल्या अनेक खेड्यांत आपली घरे आहेत ती तेव्हापासूनची. पण खेड्यात ख्रिस्ती घर म्हणजे बहुधा गावाच्या कडेचे घर, आणि यादीतही ते कडेलाच.

या जिल्ह्याने दिल्लीला कोण कोण पाठवले ते पाहिले तर कोणत्याही एका रंगाने हा नकाशा रंगवता येणार नाही. १९५७ साली स्वामी रामानंद तीर्थ इथून निवडून गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते सेनानी. आणीबाणीनंतर १९७७ साली जनता पक्षाचे समाजवादी बापू काळदाते गेले. १९८० साली काझी सलीम गेले, जे उर्दूतले नामवंत कवी होते. १९८९ साली मोरेश्वर सावे यांच्या रूपाने शिवसेना आली आणि मधला १९९८ चा अपवाद सोडला तर तीस वर्षे लोकसभेची ही जागा तिच्याकडेच राहिली. त्यांपैकी वीस वर्षे चंद्रकांत खैरे खासदार होते. २०१९ साली एमआयएमचे इम्तियाज जलील निवडून आले आणि २०२४ साली शिवसेनेचे संदिपान भुमरे. संन्यासी, समाजवादी, कवी, सैनिक, पत्रकार, शेतकरी घरातला कार्यकर्ता, अशी ही माळ आहे. ज्या मतदारांनी ती ओवली ते तेच होते, किंवा त्यांची मुले होती.

आणखी एक गोष्ट शहरात राहणाऱ्यांना अनेकदा ठाऊक नसते. आपल्या जिल्ह्यातले सगळे मतदार एकाच खासदाराला निवडत नाहीत. कन्नड, गंगापूर, वैजापूर आणि शहराचे तीन, असे सहा विधानसभा मतदारसंघ औरंगाबाद लोकसभेत येतात. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे तीन जालन्याबरोबर जातात. जालना जिल्हा १९८१ साली आपल्यातूनच वेगळा झाला, पण मतपेटीने ही जुनी सोयरीक तोडलेली नाही. १३ मे २०२४ रोजी दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले. औरंगाबादेत महायुतीचा उमेदवार निवडून आला, जालन्यात काँग्रेसचे कल्याण काळे आले. त्यानंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, विधानसभेच्या नऊच्या नऊ जागा महायुतीला मिळाल्या. जाणकारांनी याची कारणे सांगितली. कोणी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाकडे बोट दाखवले, कोणी कापूस, सोयाबीन आणि कांद्याच्या भावाकडे, कोणी बहिणींच्या खात्यात जमा झालेल्या पैशांकडे. प्रत्येकात काही तथ्य असेल. मला एवढेच दिसते की खेड्यातला मतदार कोणाच्या खिशात नसतो. तो मे महिन्यात एक सांगतो आणि नोव्हेंबरात दुसरे सांगतो. सांगायला येतो हे महत्त्वाचे.

पण एकदा एक मतदार सांगायला आली होती आणि मी तिला ऐकले नाही.

१९९५ चा फेब्रुवारी महिना होता. विधानसभेची ती निवडणूक मोठ्या तापलेल्या वातावरणात झाली. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन जेमतेम वर्ष झाले होते. अनेक गावांत माणसे एकमेकांशी तुटक बोलत होती. शेषन साहेबांचा दरारा असा की आम्ही शिक्षक मंडळी नियमांचे पुस्तक उशाला घेऊन झोपत होतो. गोदाकाठच्या एका खेड्यात मला केंद्राध्यक्ष म्हणून नेमले होते. गावाचे नाव सांगत नाही. दोष गावाचा नव्हता. आदल्या संध्याकाळी ट्रकमधून पेट्या, शाई, कागद आणि कंदील घेऊन आम्ही शाळेत उतरलो. रात्री एका मतदान प्रतिनिधीने सहज विचारावे तसे विचारले, "सर, तुम्ही मिशनचे ना?" मी हो म्हटले. तो हसला आणि गेला. ते हसणे रात्रभर माझ्या मनात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढले असताना एक म्हातारी आली. वस्तीवरून पायी चालत आली होती. पाय धुळीने माखलेले, हातात नंबराची चिठ्ठी. मतदान अधिकाऱ्याने यादीतला क्रमांक काढला आणि नाव वाचले, "मारिया." तेव्हा तोच प्रतिनिधी उठून उभा राहिला. "सर, ही बाई ती नव्हे. हिला आम्ही लहानपणापासून पाहतो. हिचं नाव मुक्ता आहे. ही कोण मारिया?"

वाचकहो, मला त्या क्षणी सारे समजले होते. तुमच्यापैकी ज्यांचे मूळ वैजापूर किंवा गंगापूरच्या खेड्यांत आहे त्यांनाही समजले असेल. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक नाव आणि गावाच्या तोंडी दुसरे नाव, ही आपल्या कितीतरी घरांतली रीत. माझ्या वडिलांचीही दोन नावे होती. मिशनच्या वहीत पौलस आणि गावकऱ्यांसाठी पांडुरंग. यादी करणाऱ्याला त्या दिवशी घरात जो भेटला त्याने सांगितलेले नाव कागदावर उतरले. मारिया आणि मुक्ता ही एकच बाई होती आणि ती माझ्यासमोर उभी होती.

नियमही माझ्या हाताशी होता. एखाद्या मतदाराच्या ओळखीला प्रतिनिधीने हरकत घेतली तर त्याने दोन रुपये अनामत ठेवायची असतात. मग केंद्राध्यक्षाने चौकशी करायची, गावच्या माणसांना विचारायचे. हरकत सिद्ध झाली नाही तर मतदाराला मत देऊ द्यायचे आणि अनामतीचा निकाल लावायचा. यालाच आक्षेपित मत म्हणतात. किरकोळ चुकीवरून, ओळख पटत असताना, कोणाला परत पाठवू नये असेही पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. मी त्या प्रतिनिधीकडे दोन रुपये मागितले नाहीत. कोतवालाला बोलावले नाही. आदल्या रात्रीचा प्रश्न माझ्या डोक्यात घुमत होता. मी तिला मत देऊ दिले तर उद्या तक्रार होईल, मिशनच्या मास्तरने मिशनच्या बाईचे काम केले. मी म्हणालो, "आजी, नावात फरक आहे. तहसीलला जाऊन दुरुस्त करून घ्या. या खेपेला होणार नाही."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मास्तर, दर खेपेला देते मी मत. मारिया न्हाई म्हणता, मुक्ता न्हाई म्हणता. मंग मी कोण हाये?"

मी पुढच्या मतदाराकडे पाहिले. ती निघून गेली. संध्याकाळी पाच वाजता दार बंद केले, पेटीला लाखेचे सील केले, पुरुष किती, स्त्रिया किती, एकूण किती, सारे रकाने भरले. बेरीज अचूक आली. वाटप केंद्रावर पेटी जमा करताना साहेबांनी कागद पाहून शाबासकी दिली. माझ्या केंद्रावर एकही तक्रार नव्हती. जिला तक्रार होती तिला ती कोठे करायची हे ठाऊक नव्हते.

पुढे माझी बदली झाली आणि योगायोगाने त्याच पंचक्रोशीतली शाळा मिळाली. २००१ च्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी जो भाग माझ्याकडे आला त्यात ती वस्ती होती. घर क्रमांक टाकत टाकत मी तिच्या दारात पोहोचलो. तिने मला ओळखले की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. तिने खाट टाकली, पाणी दिले. मी नाव विचारले तेव्हा मात्र ती म्हणाली, "कोणतं लिव्हता?" तिने ओळखले होते. मी मान खाली घालून लिहिले, मारिया ऊर्फ मुक्ता. मग मी तिला म्हणालो, "आजी, त्या वेळी माझी चूक झाली. मी भ्यालो होतो." ती म्हणाली, "भेव तर समद्यालाच असतं, मास्तर. आता तरी नीट लिव्हा."

नीट लिहायचे म्हणजे काय, हे पुढच्याच रकान्यात मला कळले. धर्म विचारला, तिने ख्रिस्ती सांगितला. त्यानंतरचा रकाना अनुसूचित जातीचा. आम्हाला दिलेल्या सूचनांप्रमाणे अनुसूचित जातीची नोंद फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरती होती. हा नियम राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशातून आलेला. तो आरंभी फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. तिच्या ओसरीला लागून तिच्या चुलत दिराचे घर होते. एकच आजा, एकच विहीर, गावाने दिलेली एकच जागा. त्या घरात मी रकाना भरला, हिच्या घरात तो मोकळा सोडला. काही घरांत लोक माझ्या पेनाकडे पाहून थबकत. देव्हाऱ्यात क्रूस असे आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळे लिहिलेले असे. मी कोणालाही काही सुचवले नाही. जे सांगितले ते लिहिले. शंभरांत एकाहून कमी, हा आपला आकडा मी वर दिला. तो छापील आकडा आहे. त्याच्या आत किती मौन आहे ते मोजणाऱ्याला ठाऊक असते.

आणि हे रकाने कागदावरच राहत नाहीत. २००१ च्या त्याच जनगणनेवरून पुढे २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. अनुसूचित जातींची संख्या पाहून औरंगाबाद पश्चिम हा मतदारसंघ राखीव झाला आणि २००९ पासून तसाच आहे. त्या मतदारसंघात आपले शेकडो मतदार आहेत. ते तिथे मत देऊ शकतात. पण ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते असा आपला कोणी तिथे उमेदवार म्हणून उभा राहू शकत नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण राखीव जागेची उमेदवारी त्यातून मिळत नाही. हा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. माझे मत काही असो, माझ्या हाताने मोकळा राहिलेला तो रकाना एका मोठ्या नकाशाची रेघ झाला, हे मी विसरू शकत नाही.

म्हातारीने मग विचारले, "मताच्या यादीत बी सुधारलं का हे?" मी तिला सांगितले की जनगणना वेगळी आणि मतदार यादी वेगळी. तिला ते पटले नाही. सरकार एकच ना, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या आठवड्यात मी दुरुस्तीचा अर्ज आणला, तिचा अंगठा घेतला आणि तहसीलला स्वतः नेऊन दिला. सहा वर्षांपूर्वी करायचे काम ते. २००४ च्या निवडणुकीची यादी आली तेव्हा मी तो भाग उघडून पाहिला. तिचे नाव बरोबर छापले होते, मारिया ऊर्फ मुक्ता, वयासकट. पण आदल्या पावसाळ्यात ती वारली होती. त्या वर्षी मतपेट्या जाऊन यंत्रे आली होती. यादीत ती होती आणि रांगेत ती नव्हती.

माझे मित्र मला समजावतात की एका मताने काय होते. २०१९ चा निकाल लागला तेव्हा मी कागद घेऊन बसलो होतो. इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते आणि चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०. अंतर ४,४९२ मतांचे. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते घेतली होती, त्यामुळे सगळी चर्चा मतविभागणीची झाली. मी दुसरा भागाकार केला. या लोकसभा मतदारसंघात मतदान केंद्रे दोन हजारांच्या आसपास होती. म्हणजे केंद्रामागे अंतर दोन ते तीन मतांचे. २०२४ च्या विधानसभेत औरंगाबाद पूर्वची जागा अतुल सावे यांनी २,१६१ मतांनी जिंकली. तिथेही अंतर केंद्रामागे मोजकेच. निकाल कोणाच्या बाजूने लागला याच्याशी माझा इथे संबंध नाही. माझ्यासारखा भ्यालेला एक केंद्राध्यक्ष प्रत्येक शाळेत बसला आणि त्याने दिवसभरात दोन-तीन माणसे परत पाठवली, तर साऱ्या मतदारसंघाचा निकाल बदलतो. मी तर एक पाठवली होतीच.

याच देशात दुसरेही उदाहरण आहे. गुजरातमध्ये गीरच्या अरण्यात बाणेज नावाच्या ठिकाणी एका मंदिरातल्या एकट्या महंतासाठी मतदान केंद्र लावले जात असे. एका माणसासाठी कर्मचाऱ्यांचा सगळा ताफा सिंहांच्या जंगलातून जाई. हे वाचले तेव्हा मला त्या कर्मचाऱ्यांचा हेवा वाटला. त्यांचा एकुलता एक मतदार त्यांनी परत पाठवला नव्हता.

आपल्या धर्मग्रामात निवडणूक आली की एक प्रश्न हमखास निघतो, आपल्या लोकांनी कोणाला मत द्यावे. मला वाटते हा प्रश्न आपण एकमेकांना विचारू नये. मोठ्या समाजांप्रमाणे आपणही एक गठ्ठा व्हावे ही कल्पना आपल्या संख्येला झेपणारी नाही आणि आपल्या सदसद्विवेकालाही शोभणारी नाही. ज्याचे त्याने ठरवावे. पण आपल्या घरातले प्रत्येक नाव यादीत आहे का, आहे तर ते बरोबर आहे का, लग्न होऊन आलेल्या सुनेचे आले का, अठरा पूर्ण झालेल्या नातवाचे आले का, वारलेल्याचे वगळले का, हे प्रश्न मात्र आपण जरूर विचारावेत. अर्ज सहा नवीन नावासाठी, सात वगळण्यासाठी, आठ दुरुस्तीसाठी. तरुण मंडळाने रविवारच्या मिस्सानंतर तासभर बसावे, ज्येष्ठांची दोन्ही नावे विचारून घ्यावीत आणि कागद जुळवावेत. ज्यांची मुले पुण्याला किंवा वाळूजला गेली त्यांचे नाव कोठे आहे तेही पाहावे. हे काम फक्त आपल्याच घरांसाठी करू नये. शेजारच्या तांड्यावरची, बौद्धवाड्यातली, मोहल्ल्यातली म्हातारीही तितकीच मारिया ऊर्फ मुक्ता असते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून नवी जनगणना जाहीर झाली आहे आणि तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. कोणीतरी तरुण शिक्षक किंवा शिक्षिका आपल्या दारात येईल. त्यांच्या आकड्यांवरून पुढच्या रेघा आखल्या जातील. बेथलेहेमची कथा आपण दर नाताळात ऐकतो. तीही नावनोंदणीसाठी निघालेल्या एका कुटुंबाचीच कथा आहे. त्या शिक्षकाला बसायला खाट द्या, पाणी द्या आणि तो विचारील ते खरे सांगा. तो घाईत असेल, कदाचित भ्यालेलाही असेल. त्याने नाव लिहिले की एकदा ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. माझ्या आजीने मला तसे सांगितले असते तर मी कदाचित ऐकले असते. पण सांगण्याची पाळी तिची नव्हती, विचारण्याची पाळी माझी होती.